साक्षीदाराला शिक्षा

वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर, जेथे प्राचीन विदर्भाची राजधानी कुंडिनपूर नांदत होती असे परंपरेने मानले जाते, त्या कौंडण्यपूरच्या पांढरीवर 1960 नंतरच्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले, तेव्हा माझे वडील तेथे रोजंदारीवर माती वाहत असत. ते निरक्षर होते. तथापि त्या कामावरून एक शिस्त त्यांनी घरी आणली. खणताना खापर हाती लागले तरी ते उचलायचे नाही. ते कोणत्या थरात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी पडले आहे याची नोंद आधी व्हायची आणि मगच ते जागेवरून हलायचे, कारण एकदा उचललेले खापर पुन्हा त्याच थरात ठेवता येत नाही, असे ते आम्हा भावंडांना वारंवार सांगत. घरातली वस्तू हरवली तरी त्यांचा पहिला प्रश्न, ती शेवटची कुठे पाहिली होती, हाच असे. या शिस्तीचा खरा अर्थ मला पन्नाशी उलटल्यावर, एका विजेच्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी बसलो असताना उमगला. त्याची ही हकीकत.

अमरावतीच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करून मी कुऱ्ह्याला, कौंडण्यपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गॅरेज घातले. जीपगाड्या, ट्रॅक्टर, कापूस वाहणारे टेम्पो आणि कार्तिकी यात्रेला येताना वाटेत बंद पडलेली नाना तऱ्हेची वाहने यांवर माझी पंचवीस-तीस वर्षे गेली. त्या काळी ब्रेकची परीक्षा इंद्रियांनी होत असे. पेडल पायाखाली मऊ लागले की नळीत हवा शिरली आहे, ड्रमला हात लावताच तो पोळला की ब्रेकशू मोकळे सुटत नाहीत, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला की लायनर संपले आहेत, असे निदान डोळे मिटूनही करता येई. बिघडलेली गाडी आपली कैफियत स्वतःच ऐकवीत असे आणि ती ऐकण्याचा वकूब हीच आमची विद्या होती. विजेच्या मोटारीने माझ्या कानांचे हे वतन खालसा केले. तिला धडधड नाही, धूर नाही, तेलाचा वास नाही. तिच्या तळाशी तीन-साडेतीनशे व्होल्टची बॅटरी आणि नारिंगी आवरणाच्या केबली असतात, आणि त्या केबलींजवळचे काम करायचे तर पुरवठा तोडून, आत साठलेली वीज उतरेपर्यंत ठरलेली मिनिटे थांबून, रबरी हातमोजे चढवूनच पुढे व्हावे लागते. एवढ्या वयात मी पुन्हा विद्यार्थी झालो आणि जे कानांनी ऐकत होतो ते स्कॅनरच्या पडद्यावर वाचायला शिकलो.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात, रुक्मिणीचा निरोप मिळताच श्रीकृष्ण एका रात्रीत कुंडिनपुराला पोहोचल्याची कथा आहे, आणि त्या रथाला जोडलेल्या शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प व बलाहक या चार अश्वांची नावे आमच्याकडे कीर्तनांतून लहानपणीच कानी पडतात. दारुक सारथ्याच्या हातचे लगाम अश्वांपर्यंत हुकूम नेत, तसेच कोणता अश्व जोराने ओढतो आहे आणि कोणाचा पाय अडखळला आहे, याची वार्ताही त्याच्या बोटांपर्यंत परत आणत. मोटारीच्या चार चाकांजवळ बसवलेले चार सेन्सर हे परत येणाऱ्या वार्तेचे काम करतात. जोराने ब्रेक दाबला असता एखाद्या चाकाची गती इतरांच्या मानाने एकाएकी कोसळू लागली, म्हणजे ते चाक फिरणे सोडून घसरण्याच्या बेतात आहे असे नियंत्रक ताडतो आणि त्या चाकाच्या ब्रेकवरील दाब सेकंदात अनेक वेळा सैल करून पुन्हा लावतो. त्यामुळे चाक फिरते राहते आणि फिरत्या चाकालाच स्टिअरिंग मानवते. बॉश कंपनीने सिद्ध केलेली ही एबीएस नावाची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था 1978 साली मर्सिडीज-बेंझच्या मोठ्या मोटारींत प्रथम बसली, आणि आपल्या देशात एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची झाली. दूरच्या धनिकांसाठी निघालेली वस्तू चाळीस वर्षांत वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या अंगणात आली, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

विजेच्या मोटारीत ही व्यवस्था आणखी गुंतते. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच तिची मोटर जनित्र बनते, चाकांच्या गतीची वीज करून ती बॅटरीत परत भरते, आणि त्या ओढीने गाडी आपोआप मंदावते. चालकाला याची इतकी सवय होते की ब्रेकचे पेडल त्याला क्वचितच दाबावे लागते. परंतु ही ओढ ज्या चाकांना मोटर जोडलेली आहे त्यांनाच लागते, आणि पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर तीच चाके घसरू लागली तर ती ओढ नियंत्रकाने तत्क्षणी काढून घेतली पाहिजे. उलटपक्षी, पाय दाबताच मोटरचा सारा जोर विनाविलंब चाकांवर येत असल्यामुळे, ओल्या काळ्या मातीच्या पांदणीत चाक जागच्या जागी गरगरण्याचा संभव मोठा, आणि त्याला आवरणे हे ट्रॅक्शन कंट्रोलचे काम. या साऱ्या कारभाराला चाकाची खरी गती ठाऊक असावी लागते. म्हणूनच एका चाकाची वार्ता थांबली की एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, चढावर गाडी धरून ठेवणारी सोय, असे तीन-चार दिवे एकदम लागतात, आणि पाय उचलल्यावर मिळणारी ती ओढही पुष्कळदा कमी होते किंवा बंद पडते.

हे दिवे पाहून माणसे घाबरतात, ते स्वाभाविक आहे; पण त्यांचा अर्थ मला कालांतराने फार थोर वाटू लागला. एबीएसचा पिवळा दिवा लागतो तेव्हा गाडीचा मूळ ब्रेक बहुधा शाबूत असतो. नियंत्रक इतकेच कबूल करतो की एका चाकाविषयी माझी माहिती भरवशाची उरली नाही, सबब त्या माहितीवर विसंबून मी हस्तक्षेप करणार नाही. यापुढे अंमल तुमच्या पायाचा. पिवळ्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला तर मात्र गाडी जागीच उभी करावी, कारण तेव्हा मूळ ब्रेकविषयीच शंका असते. अर्धवट माहितीवर हुकूम सोडण्यापेक्षा अधिकार खाली ठेवणे हा जो विवेक या यंत्राच्या घडणीत घातलेला आहे, तो दुरुस्ती करणाऱ्याच्या ठायी असेलच असे नाही, आणि माझ्या ठायी तो प्रथम नव्हता.

त्या अपराधाची नोंद येथे करणे मला प्राप्त आहे. शेजारच्या गावचे एक गुरुजी अशीच दिवे लागलेली गाडी घेऊन आले. स्कॅनरने मागच्या उजव्या चाकाच्या सेन्सरचे नाव घेतले. मी बिघाडाचा कोड पुसला, सेन्सर काढला आणि जुन्या सवयीने मीटर लावून त्याचा रोध मोजला. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबकाभोवती तारेचे वेटोळे असते, ते हजारभर ओहम दाखवते; नव्या सेन्सरच्या पोटात इलेक्ट्रॉनिक मंडल असते आणि त्याची परीक्षा रोधावरून होत नाही. मीटरने काही दाखवले नाही, म्हणून सेन्सर मेला असे मी ठरवून टाकले, नवा बसवला, दिवे विझले आणि गुरुजी पैसे देऊन गेले. चौथ्या दिवशी ते परत आले. चाकाच्या कमानीतली एक क्लिप तुटल्यामुळे तार घासत होती आणि आवरणाच्या आत तांबे तुटले होते. सेन्सर बदलताना माझ्या हाताने ती तार हलली आणि तुटकी टोके चार दिवसांपुरती एकमेकांना टेकली. कोडाबरोबर नियंत्रकाने त्या क्षणाची नोंदही जपून ठेवली होती. गाडीचा वेग किती होता, विद्युत्दाब किती होता, हे सारे तेथे लिहिलेले होते, आणि ते न वाचताच मी पुसून टाकले होते. खापर उचलले गेले होते आणि थर मोडला होता. गुरुजींचे पैसे मी परत केले. त्या रात्री वडिलांची फार आठवण झाली.

तेव्हापासून मी एक नोंदवही घातली आणि तिच्यातला शिरस्ता मोडायचा नाही असा निश्चय केला. प्रथम गाडीवाल्याची जबानी त्याच्याच शब्दांत उतरायची. मग बारा व्होल्टच्या लहान बॅटरीचा दाब पाहायचा, कारण विजेच्या मोटारीतही सारे नियंत्रक त्या लहान बॅटरीवरच जागे होतात, आणि ती दुबळी झाली असता निरोगी यंत्रेही एकमेकांविरुद्ध फिर्यादी करू लागतात. नंतर चारही टायर एकाच मापाचे आहेत ना, पंक्चरच्या निमित्ताने एखादे वेगळ्या मापाचे चाक तर चढलेले नाही ना, हे पाहायचे. कारण लहान चाक त्याच रस्त्यावर अधिक फेरे घेते आणि त्याची खरी साक्षही खोटी वाटते. त्यानंतर सगळे कोड, त्यांच्या क्षणचित्रांसह, लिहून घ्यायचे. पुसण्याचे काम सर्वांत शेवटी.

गेल्या भाद्रपदात कौंडण्यपूरचा एक तरुण शेतकरी आपली गाडी घेऊन आला. धामणगावपाशी समृद्धी महामार्गावर चढून त्याचे नागपूरला नेहमी जाणेयेणे असे, आणि जेथे मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे त्या रस्त्यावर हे दिवे लागलेली गाडी नेण्याचा त्याच्या मनाने धसका घेतला होता. दोन ठिकाणी दाखवून त्याने पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर दोनदा बदलून घेतला होता. आता एबीएसचे मुख्य यंत्रच बदलावे लागेल असे त्याला सांगण्यात आले होते, आणि त्या खर्चाच्या आकड्यापाशी तो थबकला होता.

"ब्रेक तं लागते काका," तो म्हणाला, "पण पाय उचलला का गाडी पह्यले सोताच थांबे, तशी आता थांबत नाही. काहून?"

ते कारण मी त्याला समजावून दिले आणि विचारले, दिवे नेमके केव्हा लागतात?

"चाबी फिरवली का सारे लागते अन् इझून जाते. वाड्यातून निघतानी एकबी नसते. पण देवळापर्यंत पोचत नाही, तं लागले सारे."

हे उत्तर मी शब्दशः लिहून घेतले, कारण साऱ्या प्रकरणाची गुरुकिल्ली त्यात होती. चावी फिरवताच नियंत्रक प्रत्येक सेन्सरच्या तारा तपासतो. तार तुटलेली असती किंवा सेन्सर जळलेला असता तर या गाडीचा दिवा विझलाच नसता. तो विझत होता, याचा अर्थ साक्षीदार हजर होता. गाडी चालू लागल्यावर इतर तीन चाके गती सांगत आणि चौथे गप्प राही, तेव्हा तो लागत होता. पडद्यावर सी 0035, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या गती-सेन्सरचा कोड, उभा होता. पण त्या कोडाचा मजकूर नीट वाचला तर त्याची तक्रार या सेन्सरच्या वाटेने वार्ता येत नाही एवढीच असते, आणि ती का येत नाही याविषयी तो काहीही म्हणत नाही. ज्यांनी दोनदा सेन्सर बदलला त्यांनी फिर्यादीलाच निकाल मानले होते.

गाडी हळू चालवून मी चारही चाकांच्या गतीचे आकडे पाहिले. तीन चाके ताशी बारा किलोमीटर सांगत असता डावे शून्यावर अढळ होते. मग पुढचे दोन्ही सेन्सर एकमेकांच्या जागी बसवले. दोष सेन्सरमध्ये असता तर तो सेन्सरबरोबर उजवीकडे गेला असता. तो डावीकडेच राहिला. नियंत्रकापर्यंतच्या तारा बोट-बोट चाचपून, हलवून पाहिल्या. त्या अखंड होत्या. शेवटी मंडलात मीटर घालून मी चाक हाताने फिरवले. अशा नव्या पद्धतीच्या सेन्सरमधून साधारण 7 मिलिअँपिअर आणि 14 मिलिअँपिअर असा प्रवाह आळीपाळीने वाहतो, आणि त्या चढउतारांची मोजणी हीच चाकाची गती. उजव्या चाकापाशी काटा खालीवर होई. डाव्या चाकापाशी तो एका जागी खिळून राहिला. साक्षीदार जिवंत होता, जागा होता, डोळे उघडे ठेवून बसला होता. त्याच्या समोरून काही जातच नव्हते.

येथे मला थांबून विचार करावा लागला. जुन्या गाड्यांत सेन्सरसमोर दात असलेली लोखंडी कडी फिरत असे; तिचा दात तुटला किंवा तीत चिखल भरला तर ते डोळ्यांना दिसे. नव्या बेअरिंगांमध्ये ती कडी नाही. बेअरिंगच्या एका बाजूच्या रबरी सीलमध्येच लोहचूर्ण मिसळून त्यावर उत्तर आणि दक्षिण असे चुंबकीय ध्रुव एकाआड एक उमटवलेले असतात, आणि सेन्सर ते ध्रुव मोजतो. दुसऱ्या बाजूचे सीलही तसेच काळे, तसेच गुळगुळीत असते. नुसत्या डोळ्यांना दोन्हींत भेद करता येईलच असे नाही. मी त्या तरुणाला विचारले, या चाकाचे बेअरिंग कधी बदलले होते काय? आषाढात पांदणीतल्या खड्ड्यात गाडी आदळल्यापासून चाक घूं-घूं आवाज करत होते, म्हणून ते बदलले, असे त्याने सांगितले. दिवे त्यानंतरच दिसू लागले, पण आवाज गेल्याच्या समाधानात त्याने या दोन घटनांचा संबंध जोडला नव्हता, आणि त्याला तो कोणी विचारलाही नव्हता.

सेन्सर काढून त्याच्या छिद्रातून दोऱ्याला बांधलेली एक बारीक टाचणी मी आत सोडली. उजवीकडे ती सीलकडे झुकली आणि अलगद चिकटली; डावीकडे लोलकासारखी निर्विकार लोंबत राहिली. एवढ्याने माझी खात्री झाली होती, तरीही खात्री झाल्यावर आणखी एकदा तपासायचे, हे गुरुजींच्या गाडीने मला शिकवले होते. हब उतरवून, प्रेसवर बेअरिंग बाहेर काढून, त्याच्या दोन्ही बाजूंवर चुंबकीय क्षेत्र दाखवणारे हिरवे कार्ड धरले. सेन्सरकडे जी बाजू होती तिच्यावर कार्ड कोरे राहिले, आणि बाहेरच्या बाजूवर धरताच काळ्या-फिकट रेघांचे एकसारखे चक्र उमटले. बेअरिंग उलटे बसवले गेले होते. यंत्रदृष्ट्या ते तसेही बसते, चाकही सुरळीत फिरते, आवाज होत नाही. फक्त ध्रुवांचे ते मूक चक्र, ज्याला पाहण्यासाठी सेन्सर नेमलेला, त्याच्याकडे पाठ करून फिरत राहते.

ज्याने ते बसवले त्याला मी दोष देत नाही. ही गोष्ट कोणी दाखवून दिल्याशिवाय दिसत नाही, आणि आमच्या व्यवसायात दाखवून देणारे थोडे आहेत. मला दुःख होते ते पुढच्या पायऱ्यांचे. एकाने स्कॅनरवर सेन्सरचे नाव वाचले आणि सेन्सर बदलला; दुसऱ्याने तेच वाचले आणि नवा सेन्सर पुन्हा बदलला; तिसरा त्याहून महागड्या यंत्रावर हात टाकायला निघाला. प्रत्येकाने कोड पुसून प्रारंभ केला आणि आधीच्याच्या कामाची चौकशी न करता स्वतःचा हुकूम बजावला. ज्या माणसाकडे सगळी हकीकत होती, ज्याने आषाढापासून ती गाडी रोज हाकली होती, त्याची जबानी मात्र कोणी घेतली नव्हती. सोयाबीनच्या हंगामाआधी हात रिकामे असलेल्या शेतकऱ्याच्या खिशातून त्या घाईचा दंड भरला गेला. निदान हा आमच्या कामातला सर्वांत स्वस्त भाग आहे, त्याला लागतो तो वेळ आणि आदर. आणि तोच टाळल्यामुळे सारी दुरुस्ती महाग होते, हे माझे आज ठाम मत झाले आहे.

प्रेसने काढलेले बेअरिंग पुन्हा वापरणे योग्य नसते, म्हणून नवे मागवले. बसवण्यापूर्वी त्याच्या दोन्ही अंगांना कार्ड लावून ध्रुवांची बाजू खडूने खुणावली, मी पाहिली, माझ्या हाताखालच्या मुलाने पाहिली, आणि त्या तरुणालाही पाहायला लावली. नट ठरलेल्या ताणाने आवळून, सर्व कोड वहीत उतरल्याची खात्री करून, मग ते पुसले. कौंडण्यपूरच्या रस्त्यावर चारही आकडे जोडीने चढले आणि जोडीने उतरले. पाय उचलताच गाडी पूर्वीसारखी मंदावली. मोकळ्या जागी, मागेपुढे कोणी नाही असे पाहून, मुरमावर मी जोराने ब्रेक दाबला, तेव्हा पेडल पायाखाली थरथरले आणि गाडी सरळ रेषेत उभी राहिली. तो थरथराट म्हणजे चारही लगामांतून परत आलेली वार्ता होती.

पैसे देताना त्या तरुणाने डॅशबोर्डच्या कप्प्यातून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. पहिल्या वेळी बाद ठरवून काढलेला, कारखान्यातून गाडीबरोबर आलेला सेन्सर त्याने टाकून न देता जपून ठेवला होता. मी तो पुसला, जागेवर बसवला आणि गाडी पुन्हा देवळापर्यंत नेऊन आणली. दिवे लागले नाहीत. वर्ष होत आले, गाडी त्याच सेन्सरवर चालते आहे. वहीतल्या त्या पानावर शेवटची ओळ मी तांबड्या शाईने लिहिली आहे, आणि गॅरेजमध्ये नवा मुलगा शिकायला आला की त्याला प्रथम तेच पान वाचायला देतो: सेन्सर निर्दोष, मूळ जागी रुजू.